दोन नंबरची डबी

“म्याडम, पूजा मांडलीया! तुमचं सामान बी घ्यायचं का पूजेला?”

खंडेनवमीची सकाळ. मी चिंचवडला आईच्या घरी स्टुलावर उभी, हातात झेंडूची माळ, मोबाईल मान वाकडी करून खांद्याशी दाबलेला. पलीकडून इलाही मुजावर जिवाच्या आकांतानं ओरडत होता. त्यात त्याचा दोष नाही, कॉम्प्रेसर रूममधून फोन करायचा तर ओरडूनच करावा लागतो.

“घ्या की! विचारता काय?” मीही ओरडले. “माझी पेटी कपाटात खालच्या कप्प्यात आहे.”

“पेटी घेतली! बाकीचं बी घेऊ?”

“अहो, सगळं घ्या! फक्त कुंकू जरा बेतानं लावा!”

फोन ठेवला आणि माळ दाराला बांधली. आपण काय बोलून बसलो याची मला तेव्हा सुतराम कल्पना नव्हती.

ही तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यातली आमची कंपनी यंत्रांना लावायचे व्हायब्रेशन सेन्सर बनवायची. काड्यापेटीएवढी निळी डबी, तळाला लोहचुंबक. ती मोटरवर चिकटवून द्यायची, की मोटर किती थरथरते ते बिनतारी माझ्या लॅपटॉपवर दिसायचं. यंत्र एकदम कधी मरत नाही, आधी कुरकुरतं, थरथरतं. ते माणसाच्या लक्षात येण्याआधी डबीच्या लक्षात येतं. आकडा दोनच्या आसपास असला की तब्येत ठणठणीत, सातच्या वर गेला की दवाखाना.

सांगलीकडच्या एका दूध संघानं या डब्या दोन महिने वापरून बघायचं कबूल केलं होतं. संघाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून मला दिवाळीला फोन करतात. थंडीची तीन यंत्रं, म्हणजे अमोनियाचे तीन कॉम्प्रेसर, आणि प्रत्येकाच्या मोटरवर एक डबी. आमचे साहेब मला म्हणाले होते, “हेमांगी, ऑर्डर आण आणि कायम हो. नाही आली, तर तुला ठेवून घेणं मला अवघड जाईल.” त्यांचं बोलणं असंच गोड असायचं.

आता खरी अडचण. संघाकडे स्वतःचा सेन्सर आधीच होता. त्याचं नाव हिंदूराव सूर्यवंशी, सगळे बापू म्हणायचे. वय अठ्ठावन्न, पांढऱ्या मिशा, हातात हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर. यंत्र कुरकुरतंय अशी शंका आली की बापू स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरवर टेकवायचा, मूठ गालाशी धरायचा आणि डोळे मिटायचा. भोवती सगळे हात जोडायचेच काय ते बाकी राहायचे. मिनिटभरानं बापू बोटांनी खूण करायचा, की अमुक बेअरिंग, इतके दिवस. आणि मेल्याचं खरं निघायचं.

एकतीस ऑक्टोबरला बापू रिटायर होणार होता आणि त्यानं एक वर्षाच्या वाढीचा अर्ज दिला होता. प्लांट मॅनेजर निंबाळकर साहेबांनी पहिल्याच दिवशी आम्हा दोघांना समोर उभं केलं. या गृहस्थांना समोरच्याकडे बघून बोलायची सवयच नव्हती. ड्रॉवरमध्ये पित्ताची गोळी शोधत, नाहीतर खिडकीतल्या तुळशीला पाणी घालत बोलायचे. तुळशीलाच ते म्हणाले, “डबडी घेतली तर माणूस कशाला? आन माणूस ठेवला तर डबडी कशाला? दसरा होऊ द्या. कोण आदी वळखतंय बघू. जो जिंकंल त्यो ऱ्हाईल.”

झालं. त्या दिवसापासून माझं आणि बापूचं युद्ध सुरू झालं. म्हणजे मी लढत होते. बापू नुसता माझ्या तोंडाकडे बघत मिशीतल्या मिशीत हसायचा. मी काही विचारलं तर निम्म्या वेळा उत्तर नाही. एकदा त्याच्या पाठीशी उभी राहून तीनदा “बापू, बापू, बापू!” म्हटलं. ढिम्म! माझा फोन आला तर स्वतः घ्यायचा नाही, मदतनीस इलाहीच्या हातात द्यायचा. मला वाटलं, बाईमाणूस इंजिनिअर म्हणून आलंय हे म्हाताऱ्याला खपत नाही. संतापानं अंगाचा तिळपापड व्हायचा. मनात म्हणायचे, थांब म्हाताऱ्या, एकतीस तारीख काही लांब नाही. आज सांगायला लाज वाटते, पण असं म्हणायचे खरं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या एसटीनं मी प्लांटवर पोचले. लॅपटॉप उघडला आणि उडालेच. दोन नंबरचा कॉम्प्रेसर सात पूर्णांक आठ! सणाच्या आधी दोनावर होता. एक आणि तीन नंबर मात्र गोगलगाईसारखे शांत.

मी जिन्यावरून धावतच निंबाळकर साहेबांकडे गेले. “साहेब, दोन नंबरच्या मोटरचं बेअरिंग चाललं! आज बंद करून उघडलं नाही तर उद्या मोटरच जाईल.”

साहेब कॅलेंडरचं पान सारखं करत होते. “हिंदूराव काय म्हणतोय?”

“त्यांना अजून पत्ताच नाही,” मी म्हटलं. हे म्हणताना मला किती आनंद झाला ते काय सांगू.

आम्ही कॉम्प्रेसर रूममध्ये गेलो. तिथं आवाज असा, की शेजारच्याला हाक मारायची तर त्याला चिमटा काढावा. बापू हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभाच होता. त्यानं साहेबांना बघितलं, पुढं आला आणि तीन बोटं वर केली.

मी दोन बोटं नाचवली.

बापूनं मान हलवली. पुन्हा तीन.

मी पुन्हा दोन, आणि त्याच्या नाकासमोर.

इलाही, चार वायरमन आणि पॅकिंगमधल्या दोन बायका हा खेळ बघायला जमल्या. साहेबांनी आम्हाला बाहेर व्हरांड्यात आणलं आणि कुंडीतल्या जास्वंदीकडे बघून विचारलं, “नक्की कुठला? एक सांगा.”

“दोन,” मी म्हटलं. “लॅपटॉप समोर आहे. आकडा खोटं बोलत नाही.”

बापू साहेबांच्या पाठीकडे बघत होता. इलाहीनं त्याच्या दंडाला हात लावल्यावर म्हणाला, “साहेब, दोन नंबर झोपलंय बाळावाणी. दुखणं तीनला हाय. लई दुखणं हाय.”

साहेबांनी जास्वंदीचं एक पिकलं पान तोडलं. “सांजच्याला पाच वाजता दुधाचे टँकर येत्यात. ऐंशी हजार लिटर. त्याच्या आत जे खोलायचं ते खोला. आज डबडीचं ऐकू. तिची परीक्षा हाय, हिंदूरावची न्हवं.”

इलाहीनं दोन बोटं दाखवली तसं बापूच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. पण हुकूम म्हणजे हुकूम. दोन नंबर बंद केला. त्याचा भार एक आणि तीनवर गेला. बापूनं स्वतः पाना धरला. मोटरचं झाकण निघालं, पंखा निघाला, आणि दीड वाजता बेअरिंग इलाहीच्या तळहातावर आलं. त्यानं ते फडक्यानं पुसलं, बोटानं फिरवलं. गरगर फिरलं. खरखर नाही, डाग नाही, काही नाही. नुकतंच दुकानातून आणल्यासारखं चकाकत होतं.

“म्याडम,” इलाही माझ्या कानाशी ओरडला, “ह्याला तर कायबी झाल्यालं न्हाई!”

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं, निदान भांडता आलं असतं. पॅकिंगमधली एक बाई नुसतं “अगं बाई” म्हणाली. ते ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं. ऐंशी हजार लिटर दूध यायला साडेतीन तास, आणि मी एक धडधाकट यंत्र पाडून ठेवलेलं. तडक ऑफिसात गेले, दार लावलं आणि रडले. आईला फोन करून सांगावं म्हटलं, तर आई म्हणणार, “मी म्हणत होतेच, बँकेच्या परीक्षा दे.” म्हणून केला नाही.

डोळे पुसून, आता सामान आवरावं म्हणून लॅपटॉप जवळ ओढला. पडद्यावर बघितलं आणि रडू जागच्या जागी थांबलं.

दोन नंबर. नऊ पूर्णांक सहा.

दोन नंबर तर खाली जमिनीवर सुटा होऊन पडला होता! झाकण एकीकडे, पंखा एकीकडे. आणि माझी डबी सांगत होती, तो थरथर कापतोय. आणि तीन नंबर, जो खाली धडधड चालू होता, त्याचा आकडा शून्य. साडेदहापासून शून्य. म्हणजे बरोबर दोन नंबर बंद केल्यापासून.

मला तीन सेकंद लागले. मग मी अशी धावले, की जिन्यात एक चप्पल राहिली.

कॉम्प्रेसर रूमच्या दारातून “बंद करा! तीन बंद करा!” म्हणून बोंबलले. कोण ऐकणार? सगळे दोन नंबरच्या सुट्या भागांभोवती. बापू एकटा तीन नंबरपाशी होता, तळहात मोटरवर ठेवून, तोंड कडू झालेलं. मी त्याला ढकलून पुढं झाले आणि लाल बटणावर मूठ मारली. तीन नंबर गुरगुरत थांबला. बेअरिंगच्या जागी हात लावला तर चटकाच बसला. अजून तासभर चालला असता तर मोटर गेली असती, आणि तिच्यामागे दूधही.

मी तीन नंबरवरची डबी उपटली. डोक्यावर हळद, कुंकू, एक सुकलेली झेंडूची पाकळी. उलटी केली. तळाच्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, दोन.

“ही काढली कोणी?” मी किंचाळले. आता फक्त एक नंबर चालू होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

इलाही पुढं आला. “पूजेला घेतली होती की म्याडम. चौरंगावर. पानं-पकडी, हातोडे, तुमची पेटी, आन मधी ह्या तिन्ही डब्या. तुमचं बी हत्यारच की ते. न्हाई मांडलं तर बरं दिसतंय व्हय? नारळ बी आदी त्यांच्याच म्होरं फोडला.”

“आणि परत कोणी लावल्या?”

इलाहीनं बापूकडे बघितलं. बापू पाठमोरा वाकून तीन नंबरच्या मोटरला हात लावून बघत होता.

माझं डोकं फिरलं. सगळं एकदम जुळलं असं वाटलं. “बापू! मुद्दाम बदलल्यात ना? मला खोटं पाडायला? एक वर्षाच्या वाढीसाठी तुम्ही ऐंशी हजार लिटर दूध नासवायला निघालात?”

बापू वाकलेलाच राहिला. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. इलाही म्हणाला, “म्याडम, असं नका हो बोलू.” मी म्हटलं, “बघा, उत्तर द्यायला तोंड आहे का!”

पण पाच वाजता टँकर येणार होते. बापू उठला, घड्याळाकडे बोट दाखवलं आणि दोन नंबरपाशी मांडी घालून बसला. तेच चकाकतं बेअरिंग परत बसवायला घेतलं. मी धुसफुसत समोर बसले. तो हात पुढं करायचा, मी पाना द्यायचे. कुठला पाना हे न बोलता कळत होतं, कारण बापूचे हात इतके स्पष्ट बोलायचे. एकदा माझ्याकडून बोल्ट आडवा चढायला लागला, तर त्यानं माझ्या मनगटावर हलकेच बोट आपटलं. बोल्ट काढून नीट लावला तेव्हा हसला. मला तर त्या हसण्याचाही राग आला. कसला कोडगा माणूस, म्हटलं.

साडेचारला दोन नंबर चालू झाला. पाचला पहिला टँकर आला. दूध वाचलं.

सहा वाजता साहेबांनी आम्हाला वर बोलावलं. साहेब आमच्याकडे पाठ करून पोलादी कपाटात काहीतरी हुडकत होते. टेबलावर बापूचा अर्ज होता, त्यावर पेन.

“इलाहीनं समदं सांगितलं मला,” साहेब कपाटातल्या फायलींना म्हणाले. “हिंदूराव, एकच इचारतो. डबडी मुद्दाम बदललीस का चुकून?”

बापू गप्प.

“हिंदूराव, तीस वर्सं वळखतोय तुला. चुकून झालं असंल तर चुकून म्हण, विषय मिटला.”

बापू गप्प.

“मुद्दाम केलंस?”

साहेबांचा आवाज बदलला होता. राग नव्हता त्यात, वाईट वाटत होतं त्यांना. मी बापूकडे बघितलं. आता याची जिरली, असं बघायलाच बघितलं. बापू हातात टोपी धरून, मान किंचित पुढं करून, चेहऱ्यावर आदबशीर हसू ठेवून साहेबांच्या पाठीकडे बघत होता. डॉक्टरकडे नंबर लावून बसलेला माणूस बघतो तसा. साहेब कधी वळतील आणि कधी बोलायला सुरुवात करतील, याची तो वाट बघत होता.

मी एक पाऊल पुढं टाकलं.

“बरं,” साहेब म्हणाले. “बोलायचं नसंल तर मला समजलं.” ते वळले आणि पेन उचललं.

“साहेब, थांबा!” मी म्हटलं. “चूक माझी आहे.”

“तुमची कशी?”

“खंडेनवमीला इलाहींनी मला फोन करून विचारलं होतं, बाकीचं सामान पूजेला घेऊ का. मी म्हटलं, सगळं घ्या. बाकीचं म्हणजे काय, एवढंसुद्धा विचारलं नाही. आणि डबीचा नंबर मी तळाला लिहिला. चिकटवली की दिसतच नाही! मोटरवर नंबर लिहायला हवा होता, तो लिहिलाच नाही. परत लावणाऱ्यानं काय अंगात आणून ओळखायचं होतं का?”

साहेब पेन हातात धरून उभे. “म्हणजे डबडी बरोबर होती.”

“हो.”

“आन हिंदूराव बी बरोबर होता.”

“माझ्या आधी.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. “ह्या प्लांटमदी चूक कुणाची म्हटलं की समदी शेजाऱ्याकडं बोट करत्यात. आज ह्यो कायबी बोलंना आन तुम्ही सवता हात वर करताय. जावा. उद्या सकाळी काय पायजे ते लिहून आणा.”

बाहेर लोखंडी जिना होता. बापू पुढं, मी चार पायऱ्या मागं.

“बापू,” मी हाक मारली.

तो उतरत राहिला.

“हिंदूराव बापू!”

नाहीच. मग मी टाच उचलून लोखंडी पायरीवर जोरात आपटली. जिना झणझणला. बापू गर्रकन वळला.

“काय म्याडम?”

मी खाली उतरून त्याच्या समोर गेले. तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला, दोन महिने बघत होता तसाच. आता कळलं तो काय बघायचा ते. मी हळूहळू, एकेक शब्द सुटा करून विचारलं, “किती वर्षं झाली?”

बापूनं आजूबाजूला बघितलं. टोपी घातली, पुन्हा काढली. “धा-अकरा झाली असतील. ह्या खोलीनंच खाल्लं कान. इलाहीला तेवढं ठावं हाय.”

“मग स्क्रू-ड्रायव्हरनं ऐकता काय?”

“ऐकतोय कुठं? जबड्याला लावतो. बेअरिंग बिघडलं की दाढंला कळतंय.” मग जरा हसला. “दाढा हायत तवर नोकरी हाय.”

“आणि साहेबांना इतकी वर्षं कळलं नाही?”

“त्ये कुठं कुणाकडं बघून बोलत्यात? त्यांची पाठ हलली की मी मान हलवतो. आज त्यांनी काय इचारलं?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं, दुपारी मी त्याच्या पाठीमागून काय किंचाळले तेसुद्धा. माझा आवाज फुटत होता, पण त्याला आवाजाशी काही देणंघेणं नव्हतं. माझे ओठ वेडेवाकडे व्हायला लागले तसा तो म्हणाला, “रडत बोलू नका, समजत न्हाई.” मग त्यानं सगळं वाचलं आणि म्हणाला, “डब्या मीच लावल्या. कुंकू पुसायचं न्हाई म्हणून वरनंच धरल्या, खालतं बघितलंच न्हाई.”

“घरी माहीत आहे?”

“मालकिणीला वाटतंय मी ध्यान देत न्हाई. त्ये ती लगीन झाल्यापास्नं म्हणत्याच.”

मी रडता रडता हसले. बापूही हसला. मग टोपीकडे बघत बोलायला लागला.

“म्याडम, त्या खोलीत कुणालाच कायबी ऐकू येत न्हाई. इलाही खुणंनं बोलतोय, वायरमन खुणंनं बोलतोय. मी बी. तितं मी भैरा न्हाई. घरला जाऊन बसलो, की मी एकटाच भैरा. म्हणून एक साल मागितलं हुतं. बाकी काय न्हाई.”

मी त्याच्या हातावर हात ठेवला. मग माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. “बापू, अमोनिया सुटला की भोंगा वाजतो. तो ऐकू येतो?”

“नाक हाय की.”

“नाकावर चालायचं नाही! तिथं लाल दिवा पाहिजे, भोंग्याबरोबर लागणारा. दिव्याशिवाय मी तुम्हाला त्या खोलीत पाऊल टाकू देणार नाही.”

बापूचा चेहरा उतरला. “दिवा मागितला की साहेब इचारणार, कुणासाठी? मग झालंच की.”

“ते माझ्यावर सोडा,” मी म्हटलं. कसं, ते मला रात्रभर सुचलं नाही.

सकाळी कागद घेऊन वर गेले. तीन गोष्टी लिहिल्या होत्या. डब्या घ्याव्यात आणि मोटरवर रंगानं ठळक नंबर घालावेत. हिंदूराव सूर्यवंशींना वर्षाची वाढ द्यावी, कारण डबी कशावर बसली आहे हे डबीला कळत नाही, त्यांना कळतं. आणि कॉम्प्रेसर रूममध्ये लाल दिवा बसवावा.

साहेब तुळशीला पाणी घालत होते. कागद त्यांनी खिडकीच्या उजेडात धरून वाचला. “पयलं बरोबर. दुसरं बी पटलं. पर ह्यो दिवा कशापायी? भोंगा शेजारच्या गावात ऐकू जातोय.”

“मला जात नाही, साहेब.”

“काय?”

“मला ऐकू येत नाही. डाव्या कानानं अजिबात नाही, उजव्यानं थोडंफार. लहानपणापासून.”

तांब्या तसाच तिरका राहिला आणि पाणी खिडकीवरून खाली ओघळलं. साहेब वळले. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या माणसानं माझ्याकडे सरळ बघितलं. मग टेबलाला वळसा घालून जवळ आले, माझ्या उजव्या कानापाशी वाकले आणि भोंग्याला लाजवील अशा आवाजात ओरडले, “आदी सांगायचं न्हाई व्हय, पोरी! तरीच म्हटलं, एवढी शिकल्याली पोरगी समद्यांवर खेकसत्या का!”

माझ्या कानात दडे बसले. पण त्यांनी तिथल्या तिथं तिन्ही गोष्टींवर सही केली.

दुपारपर्यंत साऱ्या प्लांटला कळलं. कॅन्टीनमधल्या शालन काकींनी डोळ्याला पदर लावला आणि माझ्या कानात “चहात साखर किती?” असं विचारलं, की वासरू बुजावं. सुरक्षारक्षक गेटवरून हातवारे करायला लागले. एका वायरमननं तर त्याच्या मावशीच्या कानावर गुण आलेल्या वैद्याचा पत्ता आणून दिला. ऑर्डर आली, मी कायम झाले, पुढची तीन वर्षं दर महिन्याला तिथं जात राहिले. बापूलाही एकाची तीन वर्षं मिळाली. त्या तीन वर्षांत त्या आवारात माझ्याशी कोणी साध्या आवाजात बोललं असेल तर शपथ! मी “काय?” म्हणून दोनदा विचारायचे आणि डोकं धरून पुण्याला यायचे.

फक्त बापू माझ्याशी हळू बोलायचा. अगदी ओठांतल्या ओठांत. एकदा एका नवीन ऑपरेटरनं व्हरांड्यात त्याला हटकलं. म्याडमला ऐकू येत नाही, जरा मोठ्यानं बोला की, असं तो बापूच्या तोंडासमोर येऊन म्हणाला.

बापूनं माझ्याकडे बघितलं.

“असू दे,” तो म्हणाला. “त्यास्नी कळतंय.”